'सर्व्हरवर लोड आहे' या सबबीचा प्रतिवाद

मावळ तालुक्यात ज्याला म्हणून जमिनीशी काही कर्तव्य आहे, मग तो पवनमावळात इंद्रायणी भात पिकवणारा खातेदार असो, नाणे मावळातल्या वडिलोपार्जित जमिनीत आपला हिस्सा लावून घेऊ पाहणारी बहीण असो, की लोणावळ्याच्या आसपास बंगल्यासाठी चार गुंठे धुंडाळणारा मुंबईकर असो, त्या प्रत्येकाच्या कानांवर 'सर्व्हरवर लोड आहे, उद्या या' हे वाक्य केव्हा ना केव्हा पडलेले असतेच. हे वाक्य कोणा एका कचेरीची मिरास नव्हे. पतसंस्थेच्या खिडकीवर, खाजगी रुग्णालयाच्या बिलाच्या टेबलापाशी आणि पावसाळ्यातल्या शनिवारी खंडाळ्याच्या एखाद्या हॉटेलच्या स्वागतकक्षातही ते त्याच निर्विकार सुरात उच्चारले जाते. सामान्य माणसाने ते ऐकून घरी परतावे यात नवल नाही. नवल आहे ते याचे, की ज्यांनी या यंत्रांची देखभाल करण्याचा पगार घेतला आहे तेही हेच वाक्य थोड्या भारदस्त परिभाषेत वरिष्ठांपुढे मांडतात आणि वरिष्ठ त्यावर लाखोंच्या खरेदीची मंजुरी देऊन मोकळे होतात.

या मंडळींचा पूर्वपक्ष शक्य तितक्या न्याय्य रीतीने मांडायचा तर तो असा: डेटाबेस ज्या सर्व्हरवर चालतो त्याचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन बसला, याचा अर्थ यंत्राची ताकद कामाला पुरत नाही; म्हणून अधिक कोअरचे मोठे यंत्र घ्यावे; ते हाती येईपर्यंत सर्व्हर रीस्टार्ट करून वेळ मारून न्यावी; आणि एवढे करूनही अडलेच, तर दोष सगळे एकदम तुटून पडतात त्या लोकांचा समजावा. ही विधाने परस्परांना टेकून उभी आहेत आणि माझ्या मते त्यांतले एकही, ज्या सरसकटपणे ते केले जाते त्या सरसकटपणे, टिकणारे नाही.

प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते आधीच मान्य करतो. प्रोसेसर नव्वद टक्क्यांवर राहणे ही उपेक्षा करण्याजोगी बाब नव्हे. रांगांच्या गणिताचा अगदी साधा नमुना घेतला, तरी यंत्र निम्मे गुंतलेले असताना एखाद्या कामाला मोकळ्या यंत्राच्या दुप्पट वेळ लागतो, ऐंशी टक्के गुंतले की पाचपट, आणि नव्वद टक्क्यांना दहापट. म्हणजे शेवटच्या दहा टक्क्यांत खिडकीपुढची माणसे ज्या वेगाने साचत जातात त्याचा अंदाज पहिल्या पन्नास टक्क्यांवरून बांधता येत नाही. तेव्हा अर्जदाराचा त्रास खरा आहे आणि पडद्यावरचा आकडाही खरा आहे. खोटा आहे तो त्या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष. प्रोसेसर शंभर टक्के गुंतला आहे, एवढेच तो आकडा सांगतो. तो कशात गुंतला आहे, ते काम आवश्यक होते की नव्हते, एकदाच करायचे ते दहा हजार वेळा तर केले जात नाही ना, याविषयी तो पूर्ण मौन पाळतो. रात्री दोन वाजता वार्षिक व्याजाची आकारणी करताना शंभर टक्के चालणारा प्रोसेसर हा पगाराचे चीज करणारा नोकर आहे. सकाळी अकरा वाजता एका खातेदाराचा एक उतारा शोधण्यासाठी शंभर टक्के चालणारा प्रोसेसर हा कोणीतरी चुकीच्या वाटेला लावलेला नोकर आहे. आकडा दोन्हीकडे एकच.

हे अमूर्त राहू नये म्हणून एक नमुना जवळून पाहू. समजा, खातेदारांची एक सारणी आहे आणि तीत आठ लाख ओळी आहेत. प्रत्येक ओळीत गावाचा सांकेतिक क्रमांक, खाते क्रमांक, नाव आणि क्षेत्र. गावाच्या क्रमांकावर इंडेक्स बांधलेला आहे, म्हणजे प्रथमदर्शनी तक्रारीला जागाच नाही. आता नावे मराठीत ठेवायची म्हणून कार्यप्रणालीतून जाणारा सगळाच मजकूर युनिकोडच्या रूपात पाठवला जातो. जावामधून एस-क्यू-एल सर्व्हरशी बोलणारा ड्रायव्हर तर कोणी निराळे सांगितले नसेल तेव्हा हेच करतो. गावाचा क्रमांक मात्र जुन्या काळी साध्या 'व्हारकॅर' प्रकारात साठवलेला असतो. दोन भिन्न प्रकारांची तुलना करायची वेळ आली की हा डेटाबेस श्रेष्ठ प्रकाराचा मान राखतो, आणि त्याच्या शिरस्त्यात युनिकोड श्रेष्ठ असल्यामुळे तो बाहेरून आलेला एक क्रमांक बदलण्याऐवजी सारणीतला क्रमांक ओळीगणिक बदलून मग ताडून पाहतो. अक्षरांचा क्रम लावण्याची जुनी पद्धत, म्हणजे कोलेशन, त्या सारणीला लागू असेल, तर बांधलेला इंडेक्स तेथेच निरुपयोगी ठरतो आणि एका उताऱ्यासाठी आठ लाख ओळींची झडती सुरू होते.

याचा हिशेब कागदावर करता येतो. एका ओळीचे रूपांतर आणि तुलना यांना सेकंदाचा चाळीस लाखावा भाग लागतो असे धरले, तर एका मागणीला प्रोसेसरचा एक पंचमांश सेकंद खर्ची पडतो. सेकंदाला अशा चाळीस मागण्या आल्या की आठ कोअर पूर्ण भरतात आणि नववे काही करायला जागा उरत नाही. याच मागण्या इंडेक्समधून गेल्या असत्या तर प्रत्येकीला आठ किलोबाइटांची तीन-चार पाने उलटावी लागली असती आणि चाळीस मागण्यांचे मिळून एका कोअरचा एक टक्काही खर्च झाला नसता. दुरुस्ती म्हणाल तर पाठवलेल्या क्रमांकाचा प्रकार कोणता, हे कार्यप्रणालीच्या एका ओळीत स्पष्ट लिहिणे. आता प्रतिपक्षाने सुचवलेले सोळा कोअरचे यंत्र येथे आणून बसवा: प्रोसेसर पन्नास टक्क्यांवर येईल, समारंभ होईल, आणि फेरफार व पोटहिस्से वाढत जाऊन ओळी सोळा लाख झाल्या की आकडा पुन्हा शंभरावर जाऊन बसेल. मावळात हिस्से वाढण्याची गती कोणाला सांगायला नको. द्रुतगती मार्ग झाल्यापासून येथल्या जमिनीचे जेवढे तुकडे पडले तेवढे त्याआधीच्या कित्येक पिढ्यांत पडले नसतील.

येथे प्रतिपक्षाकडून एक चतुर आक्षेप येतो. डिस्क तर शांत आहे, मेमरी मुबलक आहे, मग दोष प्रोसेसरचाच नव्हे काय? या आक्षेपाने पुष्कळ शहाणी माणसे फसतात, म्हणून त्याचे मूळ सांगणे प्राप्त आहे. पूर्वी मेमरी महाग होती. वाईट रीतीने लिहिलेली क्वेरी सगळी सारणी डिस्कवरून ओढून काढी, डिस्कची घरघर ऐकू येई आणि अपराधी जागच्या जागी सापडे. आज ती सारणी सबंध मेमरीत मावते; त्यामुळे तीच व्यर्थ झडती डिस्कला स्पर्शही न करता होते आणि तिचा सगळा भार प्रोसेसरच्या खाती पडतो. अपराध जुनाच आहे, त्याची नोंद मात्र आता दुसऱ्या रकान्यात होते. डिस्क शांत असून प्रोसेसर तापलेला असणे हे यंत्र अपुरे असल्याचे प्रमाण नसून, बहुधा, मेमरीतल्या मेमरीत निष्कारण फिरणाऱ्या क्वेरीचे लक्षण आहे.

मोठ्या यंत्राच्या भक्तांना लोणावळ्यात राहून तरी एक दाखला विसरता येऊ नये. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला तेव्हा सदतीस फुटांत एक फूट अशी त्याची चढण होती आणि खंडाळ्याजवळ एक असे उलटफेरीचे स्थानक होते की जेथे प्रत्येक गाडीने थांबायचे, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि मग विरुद्ध दिशेने निघायचे. चढणीसाठी कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत मागून जोर देणारी बँकर इंजिने लावण्याची वहिवाट आजतागायत चालू आहे आणि ती योग्यच आहे, कारण चढण खरी आहे. परंतु उलटफेरीच्या स्थानकावर जाणारा वेळ दोन काय, दहा इंजिने लावली असती तरी कमी होणारा नव्हता. गाडीचे बळ कितीही वाढवले तरी तिला तेथे थांबावेच लागे. तो वेळ वाचला तो १९२९ साली, जेव्हा मंकी हिल ते खंडाळा या टापूत मार्गाची आखणीच बदलली आणि ते स्थानक बाद केले तेव्हा. जीन आम्डाल याने १९६७ साली संगणकांविषयी जो नियम मांडला त्याचे तात्पर्य याहून वेगळे नाही: कामाचा दहावा हिस्सा जर एकामागून एकच होऊ शकत असेल, तर प्रोसेसर कितीही जोडा, एकूण वेग दहापटीपलीकडे जात नाही.

डेटाबेसच्या बाबतीत तर प्रकरण याहून बिकट आहे. डेटाबेसच्या एकाच अल्पकालीन अंतर्गत कुलपासाठी अनेक कोअर ताटकळत असले, की ताटकळताना ते स्वस्थ बसत नाहीत. कुलूप सुटले का, सुटले का, हे क्षणोक्षणी तपासत फिरत राहतात आणि या फिरण्याची गणना प्रोसेसरच्या वापरातच होते. अशा ठिकाणी कोअर वाढवले तर ताटकळणारे वाढतात आणि काम क्वचित पूर्वीपेक्षाही मंदावते. हीच गत शेकडो जोडण्या एकदम उघडून ठेवण्याची. सोळा कोअरच्या पोस्टग्रेसपुढे आठशे जोडण्या उभ्या करून त्याच्याकडून गतीची अपेक्षा करणारे महाभाग मी पाहिले आहेत. मध्ये जोडण्यांचा एक पूल ठेवून एका वेळी तीस-चाळीसच आत सोडाव्यात, ही गोष्ट त्यांना अपमानास्पद वाटते. क्लाउडवर नेल्याने यांतले काहीही बदलत नाही. फरक एवढाच की तेथे कोअर एका कळीसरशी वाढतात आणि चुकीची किंमत एकदाच न भरता दरमहा भरावी लागते. ज्या मालकी हक्काच्या डेटाबेसचा परवाना कोअरमागे आकारला जातो, आणि एस-क्यू-एल सर्व्हरचा तो २०१२च्या आवृत्तीपासून तसा आकारला जातो, तेथे यंत्राबरोबर परवान्याची रक्कमही चढते. मोठे यंत्र घ्या हा सल्ला बहुतेक वेळा यंत्र विकणाराच देतो, एवढे या ठिकाणी नमूद करून पुढे जातो.

रीस्टार्टचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो, कारण त्याने गुण येतो. ज्या उपायाने मुळीच गुण येत नाही तो लोक लवकर सोडतात. ज्याने अधूनमधून येतो त्याचा पंथ बनतो. गुण का येतो ते पाहा. डेटाबेस प्रत्येक क्वेरीसाठी एक प्लॅन आखतो आणि तो जपून ठेवून पुढच्या तशाच क्वेरींना वापरतो. समजा, सकाळी कचेरी उघडल्यावर पहिली मागणी अंदर मावळातल्या एखाद्या लहानशा गावाची आली, ज्याचे खातेदार दीडशे. दीडशे ओळींसाठी एकेक ओळ उचलून तिचा तपशील दुसऱ्या सारणीत जाऊन आणणे हा प्लॅन उत्तम आहे, आणि डेटाबेस तोच आखतो. त्यामागोमाग तळेगाव दाभाड्याची मागणी येते, जेथे खातेदार हजारोंनी आहेत. जपलेला प्लॅन तिलाही लागू होतो, एकेका ओळीसाठी हजारो खेपा सुरू होतात, आणि अकराच्या सुमाराला प्रोसेसर शंभरावर पोचतो. आता सर्व्हर रीस्टार्ट करा: जपलेला प्लॅन नष्ट होतो, आणि नेमकी पहिली मागणी तळेगावची आली तर मोठ्या गावाला साजेसा प्लॅन तयार होऊन दिवस सुखाने जातो. रीस्टार्ट करणारा इसम धन्य होतो. त्याला हे कळतच नाही, की त्याच्या यंत्रणेचे आरोग्य त्या दिवशी रांगेत पहिला कोण उभा होता यावर ठरले.

प्लॅन बिघडण्याचे दुसरे कारण सांख्यिकीचे. सारणीत ओळी किती आणि कोणत्या मूल्यांच्या, याचा एक अंदाजपत्रकवजा तक्ता डेटाबेस स्वतःपाशी ठेवतो आणि प्लॅन त्यावरून आखतो. एस-क्यू-एल सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्यांत हा तक्ता आपोआप ताजा होण्यासाठी पाचशे ओळी आणि वर एक पंचमांश सारणी बदलावी लागे. म्हणजे एक कोटी ओळींच्या सारणीत वीस लाख बदल होईतो डेटाबेस जुन्याच माहितीवर विसंबून राही. २०१६च्या आवृत्तीत हा उंबरठा अशा सारणीसाठी सुमारे एक लाखावर आला, पण डेटाबेसची अनुरूपता-पातळी जुनीच ठेवून बसलेल्या यंत्रणांना या सुधारणेचा काडीचाही लाभ नाही, आणि अशा यंत्रणा थोड्या नाहीत.

रीस्टार्टचा खरा अपराध मात्र पुढेच आहे. तो पुरावा नाहीसा करतो. कोणत्या क्वेरीने आजवर प्रोसेसरचा किती वेळ घेतला, याची जी नोंद एस-क्यू-एल सर्व्हर मेमरीत ठेवतो ती रीस्टार्टबरोबर पुसली जाते. माय-एस-क्यू-एलच्या परफॉर्मन्स स्कीमाची गतही तीच. क्वेरी स्टोअर चालू असेल किंवा पोस्टग्रेसमध्ये पी-जी-स्टॅट-स्टेटमेंट्स लावलेले असेल, तर गोष्ट निराळी. पण जेथे रीस्टार्ट हाच औषधोपचार आहे तेथे ही साधने लावण्याइतकी दूरदृष्टी अभावानेच आढळते. चोरी झाल्यावर पंचनामा होण्याआधी घर धुऊन काढणाऱ्याकडे पोलीस ज्या नजरेने पाहतील, त्या नजरेने कोणी या गृहस्थांकडे पाहत नाही, याचे मला वैषम्य वाटते.

आणि लोक? १ मे २०१८ रोजी राज्याने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांच्या हाती दिला, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, आणि या साऱ्या काळात तलाठ्यांच्या व शेतकऱ्यांच्या सर्व्हरविषयीच्या तक्रारी वृत्तपत्रांतून येत राहिल्या, मुदती वाढवाव्या लागल्या. मुदतीच्या शेवटच्या दिवशी गर्दी होणार हे ज्याला आधी कळत नाही त्याने लोकव्यवहाराची यंत्रणा उभारूच नये. पण मुद्दा तोही नव्हे. गर्दी केव्हा झाली हे गर्दीवरून कळते. प्रत्येक मागणीला एक पंचमांश सेकंद का लागावा, हे तिच्यावरून कळत नाही. त्या एका मागणीचा खर्च शंभरपट उतरला तर तीच गर्दी कोणाच्या लक्षातही न येता निघून जाईल. लोकांनी रात्री दोन वाजता या, असे सुचवणारेही निघाले आहेत. पवनमावळातल्या म्हाताऱ्याने पहाटे उठून कोणाच्या इंडेक्सची उणीव भरून काढावी, अशी ही अपेक्षा आहे.

कधी कधी यंत्र खरोखरच अपुरे असते, हे मी नाकारत नाही. क्वेरी तपासल्या, प्लॅन पाहिले, जोडण्या आवरल्या, आणि तरीही उपयुक्त कामानेच प्रोसेसर भरला, तर खुशाल मोठे यंत्र घ्यावे. चढण खरी असेल तेथे बँकर लावावाच लागतो. असेही होते की चोर डेटाबेसच्या बाहेरचा असतो. व्हर्च्युअल यंत्रावर 'स्टील' या नावाचा रकाना फुगलेला दिसला, तर आपला वेळ शेजारी नेत आहे किंवा स्वस्त योजनेतली आपली शिल्लक संपली आहे असे समजावे. कमकुवत सांकेतिक शब्द ठेवून पोस्टग्रेस उघड्यावर टाकणाऱ्यांच्या प्रोसेसरवर परक्यांनी आभासी चलन खोदल्याची प्रकरणेही २०२० साली उजेडात आली. लिनक्सवरचा लोड अॅव्हरेज तर डिस्कची वाट पाहत निजलेल्या प्रक्रियाही आपल्यात मोजतो, म्हणून तो चढलेला पाहून प्रोसेसरला दोष देणे मुळातच चूक. या सर्व शक्यता एकमेकींपासून वेगळ्या काढण्याचा मार्ग मोजणे हा आहे, आणि मोजल्यावाचून विधान न करण्याची परंपरा लोणावळ्याला तरी नवी नसावी: स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापले ते योगक्रियांविषयी परंपरेने चालत आलेली विधाने जशीच्या तशी पुढे ढकलण्यासाठी नव्हे, तर क्ष-किरण आणि दाबमापके लावून ती तपासण्यासाठी, आणि निष्कर्ष छापण्यासाठी त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही काढले.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. बाहेर माणसे उभी आहेत, साहेब फोनवर आहेत, अशा वेळी तुमची तहकीकात कोण करत बसणार, असे विचारले जाते. तहकीकातीला आठवडा लागत नाही. प्रोसेसर तापलेला असतानाच आधी कोणती प्रक्रिया त्याचा वेळ खाते आहे ते लिनक्सच्या 'टॉप'मध्ये पाहावे. ती डेटाबेसचीच असेल तर त्या क्षणी चालू असलेल्या क्वेरी, त्या किती वेळ चालल्या आणि कशासाठी थांबल्या, हे एका फाइलीत उतरवून घ्यावे. एकूण प्रोसेसर-वेळेच्या क्रमाने पहिल्या दहा क्वेरी आणि त्यांचे प्लॅन त्याच फाइलीत जोडावेत. हाताला सवय असेल तर याला दहा मिनिटे पुरतात. त्यानंतर नाइलाज म्हणून रीस्टार्ट केले तरी माझी हरकत नाही, कारण फाइल हातात आहे. ती संध्याकाळी उघडली की बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन क्वेरींनीच अर्ध्याहून अधिक वेळ गिळलेला आढळतो, आणि त्यांतल्या एखादीला हवा असलेला इंडेक्स पोस्टग्रेसमध्ये तर लोकांचे लिहिणे न अडवता, चालू कचेरीत बांधता येतो. नव्या सर्व्हरच्या खरेदीच्या टिपणीला ही फाइल जोडलेली नसेल, तर ती टिपणी मंजुरीच्या अधिकाऱ्याने शेरा मारून परत पाठवावी.